आठ लाखांच्या वरच्या घरानं कॉलेजचा खर्च कसा उचलायचा?

प्रश्न थोडक्यात असा: ‘आम्ही साताऱ्यात राहतो. मी अनुदानित शाळेत शिक्षिका, यजमान एमआयडीसीतल्या कंपनीत. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेअकरा लाख. हातात महिन्याला ७८ हजार येतात, त्यातले २१ हजार घराच्या हप्त्याला जातात. मुलगी खुल्या प्रवर्गातली, सीईटीत ९३ पर्सेंटाइल. तिला पुण्यात खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच हवं आहे. धाकटा नववीत. शिष्यवृत्तीसाठी चार ठिकाणी विचारलं, सगळीकडे एकच उत्तर: आठ लाखांच्या वर आहात, काही मिळणार नाही. शेजारच्या मुलीची फी पूर्ण माफ झाली. आम्ही काय करायचं?’

ताई, चार ठिकाणी मिळालेलं उत्तर खरं आहे. सरकारी शिष्यवृत्तीच्या वाटेनं तुमच्या घरी जवळपास काही येणार नाही, तेव्हा प्रवेशाचे महत्त्वाचे दिवस त्यामागे घालवू नका. मी बरीच वर्षं बँकेत शिक्षणकर्जाचं टेबल सांभाळलं, आता प्रवेशाच्या मोसमात पालकांना हिशेब मांडून देतो. तुमच्या उत्पन्नगटातल्या घरांचे पैसे कुठे वाचतात आणि कुठे बुडतात हे जवळून पाहिलं आहे. ते वाचतात कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना; त्यात कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम लिहायचा असतो. कुठली जागा वर लिहिली आणि कुठली खाली, यावर चार वर्षांत सहा-सात लाखांचा फरक पडतो. एवढी शिष्यवृत्ती तुम्हाला कुणी देणार नाही. आणि नेमका हा फॉर्म बहुतेक घरांत मुलं मित्रांच्या सल्ल्यानं भरतात, आईवडील पैशाचा विचार जागा मिळाल्यावर सुरू करतात.

आधी ही आठ लाखांची रेघ समजून घेऊ, म्हणजे मनातली रुखरुख तरी कमी होईल. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला लोक अजून ‘ईबीसी’च म्हणतात, ती कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांचं निम्मं शिक्षण शुल्क देते. उत्पन्नाची अट आठ लाख. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा भरून पूर्ण शिक्षण शुल्क माफ करणारी योजना, तिथेही आठ लाख. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मुलींसाठीची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार देते, तिथेही आठ लाख. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं, पुन्हा आठ लाखांपर्यंतच. तुमच्या शेजारच्या मुलीला मिळाली ती बहुधा हीच सवलत. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस मात्र त्यांनाही भरावं लागतंच, तेव्हा ‘पूर्ण माफ’ हे शब्द जरा बेतानंच घ्या.

२०१६ मध्ये, मराठा मोर्चांच्या काळात, ईबीसीची मर्यादा एक लाखावरून गुणांच्या अटीसह सहा लाखांपर्यंत गेली, पुढे आठ लाख झाली. ओबीसींची क्रिमीलेअरची मर्यादा २०१७ मध्ये आठ लाख झाली. त्यानंतर महागाई भत्ता वाढला, पगार वाढले, कॉलेजांच्या फी वाढल्या. आठ लाख जागचे हलले नाहीत. शिवाय ही रेघ एकूण उत्पन्न बघते, हातात येणारा पगार बघत नाही. भविष्य निर्वाह निधी, घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं, यातलं काहीही वजा होत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिथे पायऱ्या नाहीत. समजा एका मुलाचं शिक्षण शुल्क दीड लाख आहे. घरचं उत्पन्न ७ लाख ९५ हजार असेल तर ७५ हजारांची सवलत. ८ लाख ५ हजार असेल तर शून्य. दहा हजार जास्त कमावल्याबद्दल त्या घरानं ७५ हजार मोजायचे. उत्पन्नानुसार सवलत हळूहळू उतरती ठेवणं काही अवघड नाही. आयआयटीत निदान दोन पायऱ्या आहेत: एक लाखाच्या आत पूर्ण माफी, पाच लाखांच्या आत दोन तृतीयांश. त्या पायऱ्याही फार खालच्या आहेत, हा भाग वेगळा.

तुमच्या शाळेत आठ लाखांच्या काठावरचे सहकारी असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. एखाद्या वर्षी वेतनाच्या फरकाची रक्कम एकदम जमा झाली की त्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न रेघेवर जातं आणि सवलत हुकते. पुढच्या वर्षी उत्पन्न परत खाली आलं तर गप्प बसू नये, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर पात्रता नव्यानं तपासावी. घरातलं कुणी निवृत्त झालं, कंपनी बंद पडली, तरी तेच. ओबीसी कुटुंबांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत, तिथे नोकरीचा दर्जा पाहतात. शिष्यवृत्तीची उत्पन्नाची अट वेगळी असते. त्यामुळे राखीव जागा मिळते पण फीची सवलत मिळत नाही, असं पुष्कळ घरांत होतं.

‘दाखल्यात उत्पन्न जरा कमी दाखवून मिळतं’ असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. नाही करायचं. तुमचं दोघांचंही उत्पन्न फॉर्म १६ वर आहे, पॅनला जोडलेलं आहे. खोटं उघड झालं तर पैसे परत, प्रवेश धोक्यात आणि वर गुन्हा. अनुदानित शाळेतल्या शिक्षिकेनं हा खेळ करूच नये.

आता हे असं का झालं, याचं थोडं विषयांतर. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगी कॉलेजांत ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी आणली. निम्म्या जागा गुणवत्तेवर, सरकारी फीच्या आसपास, आणि त्यांचा भार पेमेंटवाल्यांनी उचलायचा. त्या काळात कारकुनाच्या, शिक्षकाच्या घरातली कितीतरी मुलं फ्री सीटवर इंजिनिअर झाली. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालानं ही रचना मोडली. तेव्हापासून ज्याची त्यानं पूर्ण फी भरायची, गरिबाची बाजू सरकारनं घ्यायची, आणि मधल्यानं आपलं आपण बघायचं, अशी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. ते प्रत्येक कॉलेजचा खर्च तपासून फी ठरवतं. पण खर्चावर आधारलेली फी म्हणजे परवडणारी फी नव्हे.

या प्राधिकरणाचा तुम्हाला एक फायदा मात्र आहे. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवा. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी घेता येत नाही. डोनेशनला १९८७ पासून महाराष्ट्रात कायद्यानं बंदी आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. आणि नावांचा घोळ नीट समजून घ्या. ‘स्वायत्त’ कॉलेज कॅपमध्ये असतं आणि त्याची फी प्राधिकरण ठरवतं. ‘अभिमत’ आणि ‘खासगी विद्यापीठ’ यांचं तसं नाही, त्यांचा प्रवेश वेगळा आणि फी त्यांची ते ठरवतात. पुण्याच्या आसपास तिन्ही प्रकार एकाच रस्त्यावर सापडतात आणि फाटकावरच्या पाटीवरून पालकांना काही कळत नाही.

आता तुमचा हिशेब. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, तुम्ही खऱ्या कॉलेजांचे घालून पाहा.

पुण्यातलं खासगी कॉलेज: फी पावणेदोन लाख, चार वर्षांचे ७ लाख. कॉट बेसिसवर राहणं आणि मेस महिन्याला दहा हजार धरा. पुण्यात याहून स्वस्तात बरी जागा शोधावी लागते. चार वर्षांचे ४ लाख ८० हजार. लॅपटॉप, पुस्तकं, परीक्षा, सातारा-पुणे येणंजाणं, आजारपण, चार कार्यक्रम, यासाठी वर्षाला ३५ हजार, म्हणजे १ लाख ४० हजार. एकूण १३ लाख २० हजार.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेज: फी ६० हजार धरू, चार वर्षांचे २ लाख ४० हजार. कॉलेजच्याच वसतिगृहात राहणं-जेवण वर्षाला ७५ हजार, म्हणजे ३ लाख. इतर तेच १ लाख ४० हजार. एकूण ६ लाख ८० हजार.

घरून जाऊन-येऊन करता येईल असं जिल्ह्यातलं खासगी कॉलेज: फी एक लाख, एकूण ४ लाख. एसटी आणि डबा-चहा वर्षाला ३० हजार धरले तरी सव्वा लाखाच्या आत. विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच लागतील. इतर १ लाख ४० हजार. एकूण ६ लाख ६० हजार.

म्हणजे पुण्याच्या जागेची किंमत दुसऱ्या दोन्हींच्या जवळपास दुप्पट. ती जागा दुप्पट चांगली आहे का, हा खरा प्रश्न. काही कॉलेजांच्या बाबतीत असेलही. पण ९३ पर्सेंटाइलला पुण्यातल्या पहिल्या फळीतल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळत नाही, मिळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीत, आणि तिथली पुष्कळशी फी पुण्याच्या नावाची असते. कॅम्पसची जाहिरात बघू नका. गेल्या वर्षी त्या शाखेतली किती मुलं कुठल्या पगारावर लागली, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. कॉलेज ‘सर्वोच्च पॅकेज’ सांगतं. तुम्हाला पगारांच्या यादीत बरोबर मध्ये येणाऱ्या मुलाचा पगार हवा आहे.

तुमच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत गृह विद्यापीठाच्या मुलांसाठी मोठा वाटा राखलेला असतो. सातारा शिवाजी विद्यापीठात येतो, तेव्हा सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तुमच्या मुलीला पुण्यापेक्षा वरची जागा मिळायला वाव आहे. दुसरं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय तुमच्याच पट्ट्यात आहेत. खुल्या प्रवर्गात ९३ ला तिथे कॉम्प्युटर मिळणं कठीणच. इतर शाखांचं काय होतं ते सीईटी सेलच्या गेल्या वर्षीच्या फेरीवार कटऑफमध्ये पाहा, शेवटच्या फेरीपर्यंत पाहा. ‘कॉम्प्युटरच’ हा हट्ट मला मान्य आहे, पण त्याची किंमत मुलीला माहीत हवी. सरकारी कॉलेजातली इलेक्ट्रिकल आणि पुण्यातली महागडी कॉम्प्युटर यांत सहा लाखांचं अंतर आहे, हे तिच्यासमोर कागदावर मांडा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हे कळतं. त्यांच्यापासून लपवलं तर कळत नाही, एवढंच.

मॅनेजमेंट कोट्याची जागा तुमच्या घरानं यादीतूनच काढावी. तिथे ना ईबीसी, ना पंतप्रधान विद्यालक्ष्मी (ही कर्जाची योजना, पुढे सांगतो), आणि बँकही हात आखडता घेते.

कर्जाचं आता सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला ते घ्यावं लागणारच आहे आणि ते घेण्यात काही वावगं नाही. बँकांच्या नेहमीच्या शिक्षणकर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, त्रयस्थ जामीनदार नाही, पदरचा हिस्साही नाही. पालक सहकर्जदार असतात. ४ लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा तुमचा. साडेसात लाखांच्या वर घर, जमीन, ठेव असं तारण. शिक्षणाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत फेड. मुलींना बऱ्याच बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, ती मागून घ्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना तुमच्यासारख्यांनी जरूर पाहावी. व्याजातली तीन टक्क्यांची सवलत तिथेही आठ लाखांपर्यंतच आहे. पण विनातारण, विनाजामीन कर्जाला उत्पन्नाची अट नाही. अट संस्थेची आहे: एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या केंद्रीय क्रमवारीवरून काढलेल्या यादीतली संस्था हवी आणि प्रवेश गुणवत्तेवर हवा. फॉर्ममध्ये लिहिलेली कॉलेजं त्या यादीत आहेत का, हे विद्यालक्ष्मी पोर्टलवर आधीच पाहून ठेवा. दोन कॉलेजं सारखीच वाटत असतील तर यादीतलं वर टाका.

बँकेच्या शाखेत गेल्यावर तीन प्रकारची टाळाटाळ होते. ‘एवढ्या रकमेला एफडी ठेवा’ किंवा ‘विमा पॉलिसी घ्या, मग बघू’ हा एक प्रकार. ‘तुम्ही आमच्या सेवाक्षेत्रात नाही’ हा दुसरा. या कारणावरून शिक्षणकर्ज नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना केव्हाच कळवलेलं आहे. ‘साहेब रजेवर आहेत’ हा तिसरा, आणि सर्वांत परिणामकारक. तिन्हींवर उपाय एकच, अर्ज ऑनलाइन करा, नकार लेखी मागा. तुमचा दोघांचा पगार जिथे जमा होतो आणि गृहकर्ज जिथे आहे, तिथून सुरुवात करा; त्यांना तुमची परतफेड दिसत असते. आणि हे जागा मिळण्याआधी करा. जागा मिळाल्यावर फी भरायला मोजकेच दिवस असतात, कर्जाचा पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात जायला आठवडे लागू शकतात. पहिल्या वर्षाची फी तुमच्या बचतीतून भरायची तयारी ठेवा.

किती कर्ज घ्यायचं? बँक तुमचा पगार बघून ठरवेल. तुम्ही मुलीचा पहिला पगार बघून ठरवा. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत कॅम्पसमधून घेतलेल्या बहुतेक नवख्यांचा पगार गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकून पडलाय. हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आगेमागे. आता १० टक्के व्याज धरून पाहा. पुण्याचा सगळा खर्च, १३ लाख २० हजार, दरवर्षी समान भागात कर्जानं उचलला, शिक्षणात व्याज भरलं नाही, तर पाचव्या वर्षाअखेर देणं १७ लाख ८२ हजार होतं. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याला साडेतेवीस हजारांचा हप्ता. पोरीनं पगार आणायचा आणि तसाच बँकेत भरायचा. फक्त फीसाठी ७ लाख घेतले तर हप्ता साडेबारा हजार. ४ लाख घेतले तर सात हजार शंभराच्या आसपास, जो पंचवीस हजारांत बसतो आणि ज्याला तारण-जामीन काही लागत नाही. म्हणून तुमच्या घरासाठी माझा आकडा ४ लाख, फार तर साडेचार. मुलगी चांगल्या पगारावर लागली तर लवकर फेडेल, नाही लागली तर कुणी बुडणार नाही.

शिक्षण चालू असताना व्याज दरमहा भरत राहा. बँका या काळात सरळ व्याज लावतात, पण पुढे ते मुद्दलात जाऊन बसतं आणि मग व्याजावर व्याज. ७ लाखांच्या उदाहरणात चार वर्षं आणि वरचं एक वर्ष मिळून २ लाख ४५ हजार व्याज होतं. ते महिन्याच्या महिन्याला भरलं तर नंतरचा हप्ता साडेबारावरून सव्वानऊ हजारांवर येतो आणि एकूण सुमारे १ लाख ४० हजार वाचतात. काही बँका असं नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. ४ लाखांच्या कर्जावर हे व्याज पहिल्या वर्षी महिन्याला साडेआठशेच्या आत असतं, चौथ्या वर्षी तेहतीसशेच्या आसपास. तुम्हाला झेपेल.

‘शिक्षणकर्ज घ्या, ८०ई खाली कर वाचेल’ असं सांगणारे भेटतील. कर्जाच्या व्याजावरची ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही आणि तुमचं दोघांचं मिळूनही उत्पन्न त्याच्या आत आहे. जो कर भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी कर्ज वाढवण्यात अर्थ नाही.

महिन्याचा मेळ असा लागतो. ७८ हजारांतून घराचा हप्ता गेला की ५७ उरतात. किराणा, वीज, धाकट्याचे क्लास, औषधपाणी, विमा यांत ४० जातात असं धरलं तर १७ शिल्लक. जिल्ह्यातल्या कॉलेजचा खर्च ६ लाख ६० हजार, त्यातले ४ लाख कर्जाचे. उरलेले २ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांच्या आत. पुण्यात फीचे ७ लाख कर्जानं घेतले तरी उरलेले ६ लाख २० हजार तुम्हालाच घालायचे, महिन्याला जवळजवळ १३ हजार. वर शेवटच्या वर्षी व्याज भरायचं म्हटलं तर ५,८०० आणखी. म्हणजे शिलकीच्या पलीकडे गेलात. आणि मुलीचं शेवटचं वर्ष म्हणजे मुलाची बारावी.

घरात लग्नासाठी म्हणून ठेवलेली एफडी किंवा सोनं असेल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत असतं. शिक्षणाला पैसे कमी पडत असताना लग्नाची रक्कम हात न लावता ठेवायची आणि दहा टक्क्यांनी कर्ज काढायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. ते पैसे आधी वापरा. भविष्य निर्वाह निधीला मात्र हात लावू नका. मुलांच्या शिक्षणासाठी त्यातून काढता येतात, म्हणून काढायचे असं नाही. तुमच्या मुलीला कॉलेजसाठी कर्ज मिळतं, तुम्हाला म्हातारपणासाठी कुणी देणार नाही. पर्सनल लोन अजिबात नको. गृहकर्जावर टॉप-अप शिक्षणकर्जापेक्षा स्वस्त पडू शकतं, पण त्याचा हप्ता लगेच सुरू होतो आणि कर्ज तुमच्या एकट्यांच्या डोक्यावर राहतं. मी मुलीच्या नावानं कर्ज असण्याच्या बाजूचा आहे.

खासगी शिष्यवृत्त्यांत तुमच्या उत्पन्नगटाला बसणाऱ्या मोजक्या. रिलायन्स फाउंडेशनच्या पदवी शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा १५ लाख आहे, प्राधान्य अडीच लाखांच्या आतल्यांना. परीक्षा द्यावी लागते. अर्ज करा, भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा आपल्या ज्ञातीच्या, गावच्या, यजमानांच्या कंपनीच्या आणि पतसंस्थेच्या मदतनिधीची चौकशी करा. बऱ्याच जुन्या संस्था बिनव्याजी कर्ज देतात, दहा-वीस हजारांचं का होईना, आणि तिथे आठ लाखांची रेघ नसते. मागायला लाजतो तो मध्यमवर्गच. विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या ‘कमवा आणि शिका’मधूनही थोडं मिळतं. मुळात ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांनी तुमच्याच साताऱ्यात रुजवली. आजच्या फीपुढे ते मानधन किरकोळ आहे, मेसचा काही भाग सुटतो इतकंच.

धाकट्याचं आत्तापासून ठरवायला हरकत नाही. त्याला यंत्रांत रस असेल तर दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आणि मग पदवीला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश, हा रस्ता मध्यमवर्ग उगाच कमी लेखतो. अकरावी-बारावीचे क्लास, जे साताऱ्यातही आता लाखाच्या घरात गेले आहेत, ते वाचतात, आणि पदवीची तीनच वर्षांची फी लागते.

या आठवड्यात करायची कामं सांगतो. मुलीला बरोबर घेऊन बसा. दहा-बारा कॉलेज-शाखांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे मंजूर फी, राहण्याचा खर्च, चार वर्षांची बेरीज, विद्यालक्ष्मीच्या यादीत आहे की नाही, हे लिहा. ऑप्शन फॉर्म त्या कागदावरून भरा. ज्या जागेची बेरीज झेपणार नाही ती फॉर्ममध्ये खालीही लिहू नका, कारण तीच मिळाली तर घरात कुणाला नाही म्हणवत नाही. आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. आठ लाखांच्या वरचा असला तरी बँक मागू शकते, आणि प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात रांग मोठी असते.